कॅपस्टोन प्रोजेक्ट: ज्युनियर्स दरवर्षी विचारतात ते सगळे प्रश्न एका जागी

मी मुंबईतच एमएमएस, म्हणजे मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा मास्टर्स कोर्स, केलं, मार्केटिंगमध्ये. आता नोकरी करते आणि प्रोजेक्टच्या सीझनमध्ये शनिवारी दुपारी ज्युनियर्सच्या दोन-तीन टीम्ससोबत बसते. नोव्हेंबर उजाडला की फोन सुरू होतात, "ताई, एक विचारू का?", आणि प्रश्न दरवेळी जवळपास तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मार्कांची विभागणी, तारखा, किती कॉप्या द्यायच्या हे तुमच्या कॉलेजच्या हँडबुकमध्ये असेल तेच धरा, बाकीचं इथे वाचा.

कॅपस्टोन म्हणजे नक्की काय? समर इंटर्नशिपचा रिपोर्ट तर दिलाय की आम्ही.

समर इंटर्नशिपमध्ये कंपनीने दिलेलं काम तुम्ही दोन महिने केलंत आणि काय केलं ते लिहिलंत. कॅपस्टोनमध्ये प्रश्न तुमचा असतो, टीमने मिळून ठरवलेला, आणि त्याचं उत्तर तुम्ही स्वतः गोळा केलेल्या पुराव्यावरून द्यायचं असतं. कॅपस्टोन म्हणजे बांधकामातला सगळ्यात वरचा दगड, आपल्याकडे देवळाचा कळस म्हणतात तसं. दोन वर्षांत फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, स्टॅट्स वेगवेगळ्या पेपरात शिकलात, इथे ते एकाच प्रश्नावर एकत्र वापरायचं. चार-सहा जणांची टीम, एक फॅकल्टी गाईड, बऱ्याचदा एक कंपनी मेंटॉर, आधी सिनॉप्सिस (काय आणि कसं करणार याचा छोटा आराखडा), मध्ये एक रिव्ह्यू, शेवटी रिपोर्ट आणि वायवा, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, एक्सटर्नलसमोर, तोंडी परीक्षा, साधारण असा क्रम असतो.

टॉपिक कसा शोधायचा? आम्ही तीन आठवडे इथेच अडकलोय.

अडकता कारण टॉपिक फार मोठा घेता. "भारतातील ई-कॉमर्सचं भवितव्य" यावर पाच विद्यार्थी चार महिन्यांत काय सांगणार? टॉपिक असा हवा की लोकलचं तिकीट काढून ज्यांच्यावर टॉपिक आहे त्यांच्यापर्यंत तुम्ही संध्याकाळपर्यंत पोचू शकाल. ही माझी एकच कसोटी आहे आणि मी ती प्रत्येक टीमला लावते.

एक उदाहरण देते. इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात ४३बी(एच) नावाचं कलम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली आणि लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे खरंच दिले त्याच वर्षी धरता येतो. आता "४३बी(एच) चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) क्षेत्रावरील परिणाम" हा टॉपिक पीएचडीवाल्यालाही जड जाईल, पण "अंधेरी एमआयडीसीतल्या वीस छोट्या इंजिनीअरिंग युनिट्सना आता पेमेंट लवकर मिळतं का, आणि मिळत नसेल तर ते तक्रार का करत नाहीत" हा टॉपिक तुमचा आहे. वीस युनिट्स चालत फिरता येतात, जुनी बिलं आणि बँकेत पैसे जमा झाल्याच्या तारखा मालकाने दाखवल्या तर दिवस मोजता येतात, आणि "का करत नाहीत" याचं उत्तर कुठल्याच वेबसाइटवर मिळणार नाही, ते मालकाच्या केबिनमध्ये चहा घेतानाच मिळतं.

मुंबईत असे टॉपिक पावलापावलावर पडलेत. लालबागच्या मिरची गल्लीत मसाला करून घेणारं गिऱ्हाईक तयार पाकिटांकडे वळतंय का, दादरच्या फूल बाजारात न खपलेल्या मालाचं संध्याकाळी काय होतं, धारावीतल्या कुंभारवाड्यात दिवाळीच्या सीझनसाठी भांडवल कुठून येतं. यातलं एक जरी नीट केलंत तरी खूप झालं.

डबेवाल्यांवर करू का? मस्त टॉपिक आहे ना?

आहे मस्त, आणि म्हणूनच त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय. १८९० साली सुरू झालेली सेवा, हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यावर केस लिहिली, हे एक्सटर्नलला पाठ असतं. "सिक्स सिग्मा", म्हणजे दहा लाखांत जेमतेम तीन-चार चुका, हा शब्द इतक्यांनी इतक्यांदा उचललाय की मूळ मोजमाप कोणी आणि कसं केलं हे कोणी विचारतच नाही. करायचंच असेल तर नवीन प्रश्न घेऊन जा, वर्क फ्रॉम होम वाढल्यावर एखाद्या स्टेशनवरच्या ग्रुपचे डबे किती कमी झाले आणि त्यांनी उत्पन्न कसं भरून काढलं, असा. आणि त्यांच्या कामाच्या वेळेत आडवे जाऊ नका, एक लोकल चुकली तर त्यांचा सगळा दिवस कोलमडतो.

कंपनी पाहिजेच का? आमची कंपनी "डेटा देतो देतो" म्हणते आणि दीड महिना झाला.

कॉलेजने सक्ती केली नसेल तर कंपनीशिवायही चांगलं काम होतं. कंपनी घेतलीत तर एक नियम पाळा: सिनॉप्सिस जमा करायच्या आधी नावं काढून टाकलेली एक सॅम्पल फाइल हातात आली पाहिजे, पन्नास ओळींची असली तरी चालेल. फोनवरचं "हो हो, मिळेल" धरू नका. मेंटॉर खोटं बोलत असतो असं नाही, त्याला डेटा द्यायचाच असतो पण त्याच्या वर आयटी असतं, लीगल असतं, बॉस रजेवर असतो, मार्चएंड असतो. म्हणून दुसरा रस्ता पहिल्या दिवसापासून तयार ठेवा. कंपनी लिस्टेड असेल तर ॲन्युअल रिपोर्ट बीएसई-एनएसईच्या साइटवर फुकट आहेत, बाकी रिझर्व्ह बँकेचा डेटाबेस आहे, सांख्यिकी मंत्रालयाचा उद्योगांचा वार्षिक सर्व्हे आहे, आणि त्या कंपनीचे डीलर तर रस्त्यावरच भेटतात.

एनडीए, म्हणजे माहिती गुप्त ठेवायचा करार, त्यावर सही करताना तो गाईडला दाखवा. रिपोर्ट एक्सटर्नलला दाखवता येणार नाही असं त्यात असेल तर वायवा कसा देणार? आणि निष्कर्ष काय निघाला पाहिजे हे कंपनी आधीच सांगत असेल तर तो प्रोजेक्ट नम्रपणे सोडा.

टीम कशी करायची? आम्ही पाचही जण एकाच ग्रुपचे आहोत.

मैत्री असू दे, पण पाचही जण मार्केटिंगचे आणि आकड्यांना हात लावायला कोणीच नाही, असं नको. एक जण एक्सेलमध्ये पक्का, एक जण अनोळखी माणसाशी बिनधास्त बोलणारा, एक जण नीट लिहिणारा, एक जण तारखा सांभाळणारा. आणि घरं कुठे आहेत तेही बघा, खरंच. एक विरारला, एक बदलापूरला, एक पनवेलला असेल तर भेटायचं कुठे याच्यावरच एक आठवडा जातो. आमच्यात शेवटी दादर ठरलं होतं, वेस्टर्न-सेंट्रल दोन्ही तिथे मिळतात म्हणून. पार्ट-टाइमवाले असाल, म्हणजे दिवसभर बीकेसीत नोकरी आणि संध्याकाळी लेक्चर, तर रविवार सकाळ आत्ताच बांधून घ्या.

एक जण काहीच करत नाही. गाईडला सांगायचं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तोही बहुतेक फेब्रुवारीत, रात्री अकरानंतर. आधी हे समजून घ्या की माणूस का करत नाही याची कारणं वेगवेगळी असतात. कोणाला प्लेसमेंट लागली आणि त्याचं मन कॉलेजातून उठलं. कोणाला प्लेसमेंट लागत नाहीये आणि तो रोज इंटरव्ह्यूच्या मागे आहे, त्याला ग्रुपवर सगळ्यांसमोर ओरडलात तर तो आणखी लांब जाईल. कोणाच्या घरी आजारपण असतं आणि तो सांगत नाही. आणि कोणाला खरंच स्टॅट्स येत नाही आणि लाज वाटते म्हणून तो फोन उचलत नाही. म्हणून पहिलं पाऊल ग्रुपवर मेसेज नाही, एकट्याला गाठून चहा पाजायचा आणि विचारायचं, "काय झालंय रे?" निम्मे प्रश्न तिथेच सुटतात हे मी स्वतः बघितलंय.

सुटला नाही तर त्याला एक छोटं, त्याचं एकट्याचं, तारीख असलेलं काम द्या. "तू ॲनालिसिसमध्ये मदत कर" असं मोघम नको, "शुक्रवारपर्यंत भांडुपच्या आठ दुकानांच्या मुलाखती टाईप करून ड्राइव्हवर टाक" असं. नाही झालं तर दुसरं एक द्या. दोन्ही नाही झाली तर पाचही जण मिळून गाईडकडे जा, त्यालाही घेऊन, त्याच्या पाठीमागे नको.

हे सगळं सोपं जावं म्हणून पहिल्याच आठवड्यात एक पानी करार लिहा, सहीसकट: कोण काय करणार, किती दिवस उत्तर आलं नाही तर काय, परीक्षेच्या काळात काय. आणि एक शीट ठेवा ज्यात प्रत्येक जण आठवड्याचं काम दोन ओळीत लिहील. मार्चमध्ये कोणाचं किती काम यावर भांडण झालं की आठवणींवर कोणाचंच एकमत होत नाही, शीट उघडली की विषय मिटतो.

सॅम्पल साइज, म्हणजे किती जणांना विचारायचं ते, ३८४ घ्यायची ना? सगळ्या जुन्या रिपोर्टमध्ये तेच आहे.

३८४ कुठून येतो माहितीये? १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६. म्हणजे लोकसंख्या खूप मोठी आहे, ९५ टक्के खात्री हवी आहे, ५ टक्के इकडेतिकडे चालेल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सॅम्पल रँडम आहे, प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी आहे. ही शेवटची अट कोणी वाचतच नाही. तुमच्या ओळखीतल्या ३८४ जणांनी फॉर्म भरला तर तो आकडा फक्त दिसायला बरोबर आहे, त्याला ते गणित लागूच होत नाही.

उलट ६४ दुकानं नीट पद्धतीने निवडलीत, म्हणजे रस्ते आधी ठरवून प्रत्येक रस्त्यावरचं दर तिसरं दुकान, तर त्याच गणिताने फरक साधारण १२ टक्क्यांचा येतो. हो, जास्त आहे, पण तो तुम्ही प्रामाणिकपणे लिहू शकता आणि वायवात सांगू शकता. आणि चूक निम्मी करायची तर सॅम्पल चौपट लागतं, दुप्पट करून भागत नाही, हे लक्षात ठेवा म्हणजे कुठे थांबायचं ते कळेल. मुलाखतींचा अभ्यास असेल तर हा हिशोबच लावू नका. तिथे नवीन काही ऐकू येईनासं झालं की थांबायचं, आणि ते कितव्या मुलाखतीला झालं ते लिहायचं.

गूगल फॉर्म व्हॉट्सअपवर फिरवला तर चालेल का?

आमचीच गोष्ट सांगते. आमचा टॉपिक होता, छोटे किराणा दुकानदार माल मोबाईल ॲपवरून का मागवत नाहीत. आम्ही फॉर्म बनवला, सगळ्या ग्रुपवर टाकला, तीन दिवसांत २१२ उत्तरं आली आणि आम्ही जाम खूश. गाईड मॅडमनी शीट उघडली, वेळेचा कॉलम बघितला आणि एवढंच विचारलं, "रात्री दीड वाजता इतके दुकानदार जागे असतात?" आमच्या मित्रांनी, भावंडांनी मदत म्हणून दुकानदार बनून फॉर्म भरले होते. कोणाचा हेतू वाईट नव्हता पण २१२ च्या २१२ ओळी आम्हाला टाकून द्याव्या लागल्या, आणि तेव्हा मिड रिव्ह्यूला बारा दिवस होते. त्या दिवशी चर्चगेटपर्यंत आम्ही कोणी एकमेकांशी बोललो नाही.

मग ठाकूरद्वार, दादर, भांडुप, डोंबिवली पूर्व असे चार भाग वाटून घेतले आणि पाच आठवड्यांत ६४ दुकानं फिरलो. आणि तिथे जे कळलं ते आमच्या फॉर्ममध्ये विचारलेलंच नव्हतं. आम्ही धरून चाललो होतो की दुकानदारांना ॲप वापरता येत नाही. त्यांना सगळं येत होतं, यूपीआयचा स्पीकर प्रत्येक गल्ल्यावर बोलत होता. पण डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन बीटच्या, म्हणजे त्या भागातल्या ठरलेल्या फेरीच्या, दिवशी येतो, बिल टू बिल उधारी देतो म्हणजे या वेळचा माल ठेवून मागच्या बिलाचे पैसे घेतो, आणि एक्स्पायरी-डॅमेज माल परत नेतो. त्यांनी बघितलेलं ॲप आधी पैसे मागत होतं आणि फुटलेल्या पाकिटाचं काय हे विचारायला तिथे माणूसच नव्हता. भांडुपच्या एका काकांनी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि आमचा प्रोजेक्ट तिथे उभा राहिला.

तर फॉर्म वाईट नाही. ज्यांच्यावर प्रोजेक्ट आहे तेच फॉर्म भरतायत याची खात्री असेल तर वापरा, नाहीतर चपला घाला.

दुकानदार बोलतच नाहीत, हाकलून देतात.

सकाळी दहाला किंवा संध्याकाळी सातला गेलात तर हाकलतीलच, गिऱ्हाईक असतं. दुपारी दोन ते साडेचार जा. गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे कोणाला त्रास देऊ नका. गळ्यात कॉलेजचं आयकार्ड, हातात कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र. पहिल्यांदा जाल तेव्हा वही काढू नका, "शेठ, आम्ही कॉलेजचे, दहा मिनिटं कधी मिळतील?" एवढंच विचारा आणि सांगितलेल्या वेळेला परत जा. तिघं-चौघं एकदम गेलात तर त्यांना वाटतं कुठलं तरी इन्स्पेक्शन आलं, दोघंच जा. नाव-नंबर लागत नसेल तर घेऊ नका, रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय करू नका, आणि विक्रीचा आकडा थेट विचारू नका. स्टेशनवर सर्व्हे करायचा असेल तर रेल्वेची परवानगी आधी.

प्रश्न इंग्लिशमध्ये आहेत, तिथल्या तिथे भाषांतर करून विचारले तर?

नको. पाच जण पाच तऱ्हेने विचारतील आणि मग ते पाच वेगळे प्रश्न झाले. आधीच मराठी, हिंदी, आणि किराणा दुकानं असतील तर गुजरातीही लिहून घ्या, मग दुसऱ्या कोणाला तरी ते परत इंग्लिशमध्ये उलटं करायला सांगा, कुठे अर्थ घसरलाय ते लगेच दिसतं. आणि लायकर्टची पाच पायऱ्यांची पट्टी (पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत), जी १९३२ सालापासून जगभर चालते, ती आपल्याकडे गल्ल्यावर उभं राहून विचारली की उत्तर येतं "बरंय, चांगलंय". त्यापेक्षा घडलेलं विचारा: मागच्या आठवड्यात किती वेळा माल भरला? शेवटचा माल परत गेला तो कोणी नेला? मतापेक्षा आठवण जास्त खरी निघते.

एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) येत नाही, एक्सेलवर भागेल?

बहुतेक प्रोजेक्ट्सना एक्सेल पुरतं. पिव्होट टेबल, सरासरी, मीडियन, दोन गटांची तुलना, झालं. काई-स्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते तपासणारी टेस्ट) लावणार असाल तर अपेक्षित आकडे ५ च्या खाली जातायत का ते बघा, छोट्या सॅम्पलमध्ये हमखास जातात, मग फिशरची एक्झॅक्ट टेस्ट घ्या. क्रॉनबाख अल्फा ०.७ च्या वर आला म्हणजे प्रश्न चांगले होते असा अर्थ नाही, ते एकमेकांशी जुळतात एवढंच. बाहेर कोणाला पैसे देऊन ॲनालिसिस करून घेऊ नका.

हायपोथिसिस, म्हणजे आधी मांडलेला अंदाज, सिद्धच झाली नाही. आता?

आता काही नाही, तसंच लिहायचं. आमचीही नव्हती झाली. मिळालेली उत्तरं बघून हायपोथिसिस बदलायची आणि जणू आधीपासून तीच होती असं दाखवायचं, हे मात्र अजिबात करू नका. सिनॉप्सिसवर तारीख असते.

स्वॉट, पोर्टरचे फाइव्ह फोर्सेस असे पुस्तकातले ठरलेले तक्ते टाकायचे का?

प्रश्नाला लागत असतील तर. पानं भरायला नको.

प्लेजरिझम, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचलणं, किती चालतं?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० ची पहिली पातळी, पुढे ६० पर्यंत आणि ६० च्या वर आणखी कडक. तुमच्या कॉलेजची मर्यादा याहून कमी असू शकते. पण लिटरेचर रिव्ह्यूमध्ये, म्हणजे आधी झालेल्या संशोधनाच्या आढाव्यात, शब्द फिरवून टक्का खाली आणण्यात आठवडा घालवणाऱ्या टीम्स बघितल्या की वाईट वाटतं. पंधरा पेपर खरंच वाचा, प्रत्येकाचं आपल्या भाषेत चार ओळीत लिहा, आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध काय ते पाचवी ओळ. टक्का आपोआप खाली येतो.

चॅटजीपीटी वापरलं तर पकडतात का?

पकडतात की नाही यापेक्षा कशासाठी वापरताय ते सांगा. इंग्लिश सुधारायला, एक्सेलचा फॉर्म्युला अडला तर, प्रश्नावलीत कुठला प्रश्न गोंधळाचा आहे ते बघायला, वापरा आणि कॉलेजचा नियम असेल तसं रिपोर्टमध्ये नमूद करा. पण संदर्भ मागितलेत तर अस्तित्वात नसलेले पेपरही ते छान नावासकट देतं, म्हणून प्रत्येक पेपर स्वतः उघडून बघितल्याशिवाय यादीत टाकू नका. आणि मुलाखती बनवून घेऊ नका. एका टीमने मला दाखवलेल्या "मुलाखती"त भाजीवाल्या मावशी सप्लाय चेनवर अस्खलित बोलत होत्या. मी त्या टीमला त्याच दिवशी खऱ्या मुलाखती घ्यायला दादरला पाठवलं.

वायवाला काय विचारतात?

एक्सटर्नल बहुतेक वेळा रिपोर्ट मधूनच कुठेतरी उघडतात, एखाद्या आकड्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हा कुठून आला?" आणि ज्याने तो काढला त्याला नाही, शेजारच्याला विचारतात. म्हणून वायवाच्या आधी दोन संध्याकाळी बसा आणि एकमेकांच्या चॅप्टरवर एकमेकांना प्रश्न विचारा. फील्डची वही सोबत ठेवा, खाडाखोड असलेली, चहाचे डाग असलेली तशीच. आमच्या एक्सटर्नलनी स्लाइड्स अर्ध्यातच थांबवल्या आणि वही मागून घेतली, वीस मिनिटं तीच चाळत होते. "माहीत नाही सर, आम्ही ते मोजलं नाही" हे उत्तर चालतं. ठोकून दिलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

ब्लॅक बुक, म्हणजे बांधलेला अंतिम रिपोर्ट, कधी छापायचं?

गाईडची सर्टिफिकेट पेजवर सही झाल्यावर, आधी नाही. काळं हार्डबाउंड, सोनेरी अक्षरं, स्टेशनजवळचा बाइंडिंगवाला एरवी एक-दोन दिवसांत देतो पण सबमिशनच्या आठवड्यात सगळी कॉलेजं एकदम येतात, चार दिवस हातात ठेवा. कव्हरवरची नावं दोनदा तपासा, सोनेरी अक्षर खोडता येत नाही.

ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना रिपोर्ट द्यायचा का?

ऐंशी पानांचं इंग्लिश पुस्तक नाही, पण एक पान द्या, त्यांच्या भाषेत, मोठ्या अक्षरात: इतक्या दुकानांत फिरलो, हे हे कळलं. हँडबुकमध्ये हे कुठेच नसतं आणि मार्कही नसतात. आम्ही वायवा झाल्यावर दोन रविवार त्यासाठी घातले. भांडुपच्या काकांनी ते पान पूर्ण वाचलं, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे चुकलंय, एक्स्पायरीचा माल सगळे नेत नाहीत, बिस्किटवाला नेतो, तेलवाला नाही." ती दुरुस्ती आमच्या ब्लॅक बुकमध्ये नाही कारण ते तोवर छापून गेलं होतं. म्हणून तुम्ही ते पान छपाईच्या आधी घेऊन जा.